मोरीमागची कर्दळ

नमस्कार मंडळी. आपल्या ठाण्यातल्या चरईतली, नौपाड्यातली बैठी घरं आतून पाहिलेले पुष्कळ जण समोर दिसतायत, म्हणून थेट विषयाला हात घालते: पडक्या घरामागे उरणारी फुलझाडं.

उथळसरला माझ्या आत्याचं कौलारू घर होतं. भाऊबंदकीत अडकलं आणि बारा वर्षं कुलूपबंद राहिलं. गेल्या श्रावणात मोजणीच्या निमित्ताने आत शिरले. आढं खाली आलेलं, पडवीत फुटक्या कौलांचा खच, भिंतीतून पिंपळ. मी ज्या घरात लहानाची मोठी झाले ते मला ओळखू येईना. मागे वळसा घातला तर लाल कर्दळीचं दाट रान! तिथे न्हाणीघराची मोरी होती. तिचं पाणी आत्याने कर्दळीला आणि अळवाला सोडलं होतं. विटा गेल्या, पन्हळ गेली, कर्दळ होती तिथेच होती. मग तिच्यापासून पावलं मोजत निघाले: ही मोरी, म्हणजे इथे बंब, म्हणजे इथे मागचं दार. दाराशी आत्या पाठीवर ओले केस सोडून बसायची. सगळं घर पुन्हा उभं राहिलं.

पुढे ओट्याच्या फुटक्या फरशीवर प्राजक्ताचा सडा पडला होता, केशरी देठ वर करून. उचलायला कुणी नव्हतं.

मात्र एक गोष्ट मला फार लागली. आत्याचा जीव शेवंतीवर. तिचा तिथे मागमूस नव्हता. शेवंती हाताची, दरवर्षी रोपं काढा, वाफे करा, शेंडे खुडा. हात थांबला की ती संपते. गुलबक्षी आत्या तण म्हणून उपटायची, तीच अंगणभर पसरलेली. तिचं मूळ जाड, कंदासारखं. वरचं वाळलं तरी ते जमिनीत तग धरतं आणि पाऊस लागला की फुटतं. शिवाय मिऱ्यासारखं काळं बी आजूबाजूला सांडतच असतं. पांढरा चाफा जाड फांद्यांत पाणी धरून उन्हाळा काढतो, सदाफुलीला भिंतीची भेग पुरते. म्हणजे पडक्या घरात दिसतं ते तिथल्या माणसाच्या आवडीचंच असेल असं नाही. आवडीचं आपल्याला आठवावं लागतं, विचारून ठेवावं लागतं.

आणि गंमत पाहा, जी फुलं पाहून आपल्याला आजोळ आठवतं, त्यातली कर्दळ, गुलबक्षी, पांढरा चाफा ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. सदाफुली मादागास्करची. इतकी आपली झालीत ती.

आता ठाण्यात गल्लोगल्ली पुनर्विकास चाललाय. राज्याच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याने झाड तोडायला परवानगी लागते, पण कर्दळीसाठी कुणी कुणाला विचारत नाही. जेसीबीच्या पहिल्या फेऱ्यातच ती जाते. म्हणून घर रिकामं करताना भांड्यांबरोबर एक पिशवी झाडांसाठीही ठेवा. चाफ्याची हातभर फांदी कापून आठवडाभर सावलीत ठेवा, चीक सुकू द्या, मग लावा. गुलबक्षीचं बी कागदात बांधा. कर्दळीचा गड्डा मातीसकट उचला.

मी त्या दिवशी गोणीभर गड्डे आणले. घरी कुंड्यांत वाढवले, आज दाराशी टेबलावर ठेवलेत. जाताना एकेक न्या. प्रत्येकावर चिठ्ठी आहे: उथळसर, मोरीमागची.