पेशी तर तयार झाल्या, मग इन्सुलिनच्या सुया का सुटत नाहीत?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न किती जणांनी विचारलाय, 'ताई, स्टेम सेलने शुगर कायमची जाते म्हणे?' म्हणून आज बसलेच. स्टेम सेल म्हणजे अशा मूळ पेशी, ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनवता येतात.

आधीचं भरभर सांगते. टाइप १ मधुमेहात शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारते, आणि इन्सुलिन बनवतात त्याच. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या गटाने २०१४ मध्ये स्टेम सेलपासून अशा पेशी प्रयोगशाळेत भरपूर बनवून दाखवल्या. त्यांच्या दोन्ही मुलांना टाइप १ आहे. बापाची चिकाटी ती!

आता नीट ऐका. पेशी नव्या, पण मारणारी यंत्रणा जुनीच. आपल्या द्राक्षवाल्यांना लगेच कळेल: नवी वेल लावली म्हणून डाऊनी, म्हणजे तो बुरशीचा रोग, येणार नाही का? फवारणी लागतेच. इथे फवारणी म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं.

'स्वतःच्याच पेशींपासून बनवल्या तर?' असं एका दादांनी विचारलंय. दादा, पहिल्या बीटा पेशीही स्वतःच्याच होत्या ना! चीनमध्ये एका तरुणीवर असा प्रयोग झाला, तिच्या इन्सुलिनच्या सुया सुटल्याही. पण यकृत प्रत्यारोपणामुळे ती औषधं तिला आधीपासूनच चालू होती.

आणि स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशींच्या चाचणीचा २०२५ चा तो गाजलेला निकाल? पूर्ण डोस घेतलेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षभराने इन्सुलिन लागत नव्हतं. वाचून मला रडू आलं, खरंच. पण औषधं तिथेही होतीच, आणि त्या औषधांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून निवडले कोण, तर ज्यांची शुगर कळायच्या आत धोकादायक खाली जाते असे रुग्ण.

हे घसा फोडून सांगते, कारण माझ्या भावाला त्याच्या टाइप १ असलेल्या लेकीसाठी एका ठिकाणी 'स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, इन्सुलिन बंद करा' म्हणून लाखांचा आकडा सांगितला. लेकराच्या जिवाशी खेळ आहे हा! आपल्याकडे मधुमेहावर स्टेम सेल उपचाराला मान्यता नाही. नोंदणीकृत चाचणीत भाग घ्यायला रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. आणि टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत जिवावर बेततं.

रविवारी भाचीला घेऊन मिसळ खायला गेले होते. बारा वर्षांची पोर. तर्री यायच्या आत तिने पाव मोजले, इन्सुलिनच्या पेनची चकती कट् कट् फिरवली, सुई टोचली. मग म्हणाली, "आत्या, सुया की त्या प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या, निवडायचं झालं तर?"

"आत्ता सुयाच गं," म्हटलं. "गोळ्यांशिवाय जमेल, त्या दिवशी पहिला फोन मी तुलाच करेन."