शंभर मीटर, तिसरी लेन आणि मध्येच आलेला फुटबॉल

नमस्कार श्रोतेहो. दुपारची वेळ आहे, सोलापुरात ऊन मी म्हणतंय, तेव्हा पंख्याखाली बसूनच ऐका. आज पळणाऱ्या एका बाईबद्दल बोलायचंय.

नाव ॲबी स्टायनर. पुन्हा सांगतो, ॲबी स्टायनर. अमेरिकेत ओहायो राज्यात डब्लिन म्हणून गाव आहे, तिथली ही मुलगी. शाळेत पळायची आणि फुटबॉलही खेळायची. केंटकी विद्यापीठात गेली तीही दोन्ही खेळ घेऊनच. पहिलं वर्ष फुटबॉलच्या संघात खेळली, ट्रॅकवरही उतरली, आणि मग फक्त पळायचं ठरवलं. तिकडे या खेळाला सॉकर म्हणतात आणि चेंडू काखेत मारून पळतात त्याला फुटबॉल म्हणतात. असो, त्यांचं त्यांना लखलाभ.

2022 साल तिचं. मार्चमध्ये इनडोअर, म्हणजे छपराखालच्या ट्रॅकवर, 200 मीटरला 22.09 सेकंदांचा अमेरिकेचा विक्रम. जूनमध्ये विद्यापीठांच्या स्पर्धेत 21.80. त्याच महिन्यात राष्ट्रीय स्पर्धेत 21.77. ऐकलंत ना? 200 मीटर, 21.77 सेकंद. तुम्ही चहात साखर ढवळताय तोवर बाई पलीकडच्या टोकाला. जुलैमध्ये युजीन शहरात जागतिक स्पर्धा झाली. तिथे 200 मीटरच्या फायनलला पाचवी आली, पण दोन्ही रिलेंमध्ये, म्हणजे चौघींनी एकीमागून एक पळायच्या शर्यतींत, सोनं. 4 गुणिले 100 मध्ये अमेरिकेची वेळ 41.14, जमैकाची 41.18. चार शतांश सेकंद! आणि दोन्ही रिलेंना बॅटन घेऊन दुसऱ्या टप्प्यावर पळाली ती हीच.

आता फुटबॉलचा पळण्याला उपयोग काय, असं कुणी विचारेल. फुटबॉलमध्ये पंधरा-वीस मीटरची जोरदार धाव पुन्हा पुन्हा घ्यावी लागते, पायात सुटण्याचा जोर येतो. तोटाही आहे. गर्रकन वळताना गुडघा जातो, आणि मुलींना तो धोका जास्त. एवढं पुरे, कारण मला आता आमच्या तिसऱ्या लेनची गोष्ट सांगायचीय.

बरीच वर्षं झाली. शाळांच्या स्पर्धा होत्या, मी टाइमकीपर. सोलापूरच्या पूर्व भागातली एक मुलगी होती, नाव नाही सांगत. आई विड्या वळायची. विड्यांचं सूप डोक्यावर घेऊन आईबरोबर कारखान्यात जायचं, परत येताना पानं-तंबाखू आणायची आणि मग शाळा गाठायची ती पळतच, त्यामुळे वेगळा सराव असा नव्हताच. पोरगी 100 मीटरलाही होती आणि फुटबॉलच्या टीममध्येही. आणि नेमकी दोन्ही एकाच वेळी लागली. सर म्हणाले, "एक काय ते ठरव." ती म्हणाली, "सर, पळून येते की. पंधरा सेकंदांचं तर काम आहे."

त्याआधी प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं. पोरं उन्हात रांगेत उभी, पाहुणे मांडवात, आणि विषय खेळाचं महत्त्व! माझं स्पष्ट मत आहे, ज्याला भाषण करायचंय त्यानं पोरांच्या रांगेत उभं राहून करावं. दोन मिनिटांत आटपेल.

तर रेस. ट्रॅक म्हणजे मुरमावर ओढलेल्या फक्कीच्या रेघा, आणि त्याला लागूनच फुटबॉलचं मैदान. बाकीच्या पोरी अनवाणी, हिच्या पायात फुटबॉलचे बूट, कारण लगेच मॅचला जायचं होतं. रुमाल खाली पडला, मी घड्याळ दाबलं. साठ मीटरपर्यंत ही पुढे. आणि तेवढ्यात शेजारच्या मॅचमधला फुटबॉल टुणटुण उड्या मारत हिच्या लेनमध्ये आला. तिसऱ्या लेनमध्ये!

दुसरी कुणी थांबली असती किंवा उडी मारली असती. हिनं पळता पळता, लेन न सोडता, उजव्या पायानं असा काही टोला हाणला की चेंडू परत मैदानात, थेट स्वतःच्याच टीममधल्या मुलीच्या पायात. तिनं तो सरळ गोलात मारला. रेफ्री रेस बघत होते. गोल झाला बघून त्यांनी शिट्टी वाजवली.

मग काय विचारता! इकडे रेसचा वाद, तिकडे गोलचा वाद. रेसमध्ये ही दुसरी आली, टोला मारण्यात पाऊलभर मागे पडली. एक सर म्हणाले, बाद करा. दुसरे म्हणाले, कशाबद्दल? लेन सोडली नाही, कुणाला आडवी गेली नाही. तिकडे समोरच्या टीमचे सर हातवारे करत सांगतायत, चेंडू बाहेर गेला होता, थ्रो-इन आमचा! त्यांचं खरंच होतं. गोल रद्द झाला. दुसरा नंबर राहिला.

सगळं शांत झाल्यावर सर माझ्याकडे आले. "टायमिंग काय लागलं हिचं?" मी हातातल्या घड्याळाकडे बघितलं. ते पळतच होतं. चेंडूच्या नादात मी ते बंद करायलाच विसरलो होतो. दाबलं तेव्हा चार मिनिटं होऊन गेली होती. 100 मीटर, चार मिनिटं! सरांनी माझ्याकडे बघितलं, मी मांडवाकडे बघितलं. वहीत तिच्या नावापुढे नुसती आडवी रेघ.

तिकडे युजीनला चार शतांश मोजणारी यंत्रं होती. इथे माझा अंगठा होता.

ती मुलगी आता चांगली चाळिशीची बाई आहे. भाजी मंडईत दिसते कधीमधी. शेपूची जुडी हातात घेऊन हटकून विचारते, "काका, माझं टायमिंग किती होतं हो?" पहिल्यांदा मी 14 सेकंद सांगितलं. पुढल्या वर्षी 13.8. गेल्या वेळी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत भेटली तेव्हा मी 13.2 वर आलो होतो. ती म्हणाली, "काका, दम धरा, अजून दहा वर्षं भेटायचंय आपल्याला."

नमस्कार.