कैफंगचा उघडा दरवाजा

श्रोतेहो, नमस्कार.

कचेरीत खेटे घालणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये, सोंग राजवटीची राजधानी असलेल्या कैफंगमध्येही हेच चाले. फिर्यादीला थेट न्यायासनासमोर जायची मुभा नव्हती. मधल्या कारकुनांच्या मर्जीवर सगळं. १०५७ साली तिथला कारभार बाव झेंग यांच्याकडे आला आणि त्यांनी मुख्य दरवाजाच उघडून दिला. ज्याचं गाऱ्हाणं, त्यानं स्वतः पुढे येऊन मांडावं!

हा माणूस हफेईचा, जन्म ९९९चा. १०२७ मध्ये राज्याची सर्वांत मोठी परीक्षा उत्तीर्ण झाला, नेमणूकही मिळाली. पण म्हातारे आईवडील गाव सोडायला तयार नव्हते. बाव यांनी नोकरी सोडली आणि त्यांची सेवा केली. जवळजवळ दहा वर्षं!

पुढे ते त्यानचांग या ठिकाणी अधिकारी असताना एक शेतकरी रडत आला. कुणीतरी त्याच्या बैलाची जीभ कापली होती. बाव म्हणाले, "घरी जा, बैल कापून मांस विकून टाक." तेव्हा परवानगीशिवाय बैल कापणं गुन्हा होता. थोड्याच वेळात दुसरा माणूस चुगली घेऊन हजर. बाव यांनी त्यालाच विचारलं, "त्याच्या बैलाची जीभ कापलीस, वर पुन्हा त्याच्याच नावानं तक्रार?" त्यानं मुकाट्यानं कबुली दिली.

दुआनचौ भागात शाई उगाळायच्या नामांकित शिळा होत्या, आपल्या सहाणेसारख्या. आधीचे अधिकारी दरबाराच्या नजराण्याच्या कितीतरी पट शिळा उकळत आणि बड्या लोकांना वाटत. बाव यांनी नेमक्या लागतील तेवढ्याच करवून घेतल्या, आणि बदली झाली तेव्हा एकही सोबत नेली नाही.

नाटकांतला त्यांचा काळा चेहरा आणि कपाळावरची चंद्रकोर चीनमध्ये घरोघरी ठाऊक आहे. मला मात्र कैफंगमधले बाव जास्त मोठे वाटतात. हुईमिन नदीत बड्या घराण्यांनी आणि राजवाड्यातल्या खोजांनी बागा, मंडप बांधून पाणी अडवलं होतं. पूर आला तेव्हा बाव यांनी ती सगळी बांधकामं पाडली. काहींनी जमिनीचे खोटे कागद आणले, तेही तपासून उघडे पाडले.

१०६२ मध्ये ते वारले. वंशजांसाठी त्यांचा हुकूम होता: जो लाच खाईल, त्याला घरात घेऊ नये, मेल्यावर कुळाच्या स्मशानात पुरू नये. हे शब्द दगडावर कोरून घराच्या पूर्वेकडच्या भिंतीशी उभे करायला त्यांनी सांगितलं होतं.