पहिली पंधरा मिनिटं महाग

मंडळी, तुमच्या हातात कागदाच्या दोन पट्ट्या आल्या असतील. एकीवर ‘अ’ लिहिलंय, दुसरीवर ‘ब’. हुंगून बघा, पण नाकाला टेकवू नका आणि मत लगेच देऊ नका. एकीवर क्रीड या परफ्यूम कंपनीचं अवेंटस आहे. २०१० साली बाजारात आलेलं, आणि आज शंभर मिलिलिटरच्या बाटलीला तीस हजारांच्या पुढे मोजावे लागतात. दुसरीवर त्याच वासाच्या वळणाचं, दुबईच्या आरमाफचं ‘क्लब द नुई इंटेन्स मॅन’ आहे, दोन-तीन हजारांत मिळणारं. कुठलं कुठे ते इतक्यात सांगत नाही.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: ‘सर, स्वस्तातल्यात तोच वास येतो का?’ येतो. पण कधी येतो, हे बघायला हवं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याला वाटतं, बाटलीवर ज्याचं नाव असतं तोच सुगंध बनवतो. पण परफ्यूम विकणाऱ्या फॅशनच्या बहुतेक घराण्यांकडे स्वतःचा सुगंधकार नसतो. जिवोदाँ, डीएसएम-फर्मेनिश, आयएफएफ, सिमराइज अशा मोजक्या कंपन्या आहेत, त्या सुगंध तयार करून देतात. आणि त्याच कंपन्या कपडे धुण्याच्या पावडरीला, साबणाला, फरशी पुसायच्या द्रवालाही वास पुरवतात. अल्बेर्तो मोरियास यांचं नाव ‘अक्वा दि जिओ’मागे आहे, १९९६ साली आलेलं, अरमानीचं. आपल्या टायटननं २०१३ मध्ये ‘स्किन’ काढलं, तेव्हा त्यांनी ज्या सुगंधकारांकडून काम करून घेतलं त्यांतही मोरियास होते. नाक तेच, बाटली निराळी, किंमत फारच निराळी.

आता रसायनाकडे येऊ. घाबरू नका, फळ्यावर काही लिहिणार नाही.

कोकण किनाऱ्यावर व्हेल माशाची उलटी पकडली, आरोपी गजाआड, अशा बातम्या तुम्ही वाचता. ती ‘उलटी’ म्हणजे अंबरग्रीस, खरं तर स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ. तिच्या विक्रीवर आपल्याकडे बंदी आहे, कारण स्पर्म व्हेल वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तिच्यातला जो उबदार, किंचित खारट वास लोकांना हवा असतो, तो देणारा रेणू आज क्लॅरी सेज नावाच्या झुडपातल्या स्क्लेरिऑलपासून कारखान्यात बनतो. त्याला अँब्रॉक्सन म्हणतात. २०१५ मध्ये दिओरचं ‘सोव्हाज’ आलं, त्याचा बराचसा डोलारा या अँब्रॉक्सनवर उभा आहे. तो कोणालाही विकत मिळतो. दिओरला मिळतो, शारजातल्या कारखान्याला मिळतो, भिवंडीतल्या गाळ्यालाही मिळतो. आयसो-ई-सुपर या लाकडी वासाच्या रेणूचं तेच, पांढऱ्या म्हणजे कृत्रिम कस्तुरीच्या बहुतेक रेणूंचं तेच. रेणूवर पेटंट असतं, पण ते वीस वर्षांनी संपतं आणि मग भाव उतरतो. काही रेणू मात्र कंपन्या बाहेर विकतच नाहीत, फक्त स्वतःच्या सुगंधकारांसाठी राखून ठेवतात. एखादी नक्कल अगदी जवळ जाऊन अडते, त्याचं एक कारण हे असू शकतं.

हे जड रेणू तळाशी असतात. ते सावकाश उडतात, म्हणून तुम्ही सहा-सात तास ज्याला ‘माझा परफ्यूम’ म्हणता, तो मुख्यतः हाच भाग. सुरुवातीला जे उसळतं ते वेगळं. तिथे इटलीतल्या कालाब्रियाच्या बर्गामोट या लिंबाच्या जातीच्या फळाचं तेल, चांगलं लवेंडर, आलं, वेलची असे महागडे नैसर्गिक माल असतात आणि पंधरा-वीस मिनिटांत ते उडून जातात. नक्कल करणारा काटछाट करतो ती इथेच. बर्गामोट काढतो आणि झणझणीत लिंबू घालतो.

आता पट्ट्या उचला. मघाशी जी पट्टी हुंगताना भांडी घासायच्या साबणाची आठवण झाली असेल, ती ‘ब’, म्हणजे आरमाफ. हसू नका, पुन्हा हुंगा. आता त्या दोघींत भोजपत्राच्या जातीच्या झाडाचा, म्हणजे बर्चचा, धुरकट वास आहे, खाली थोडी कस्तुरी. अजून दोन तासांनी तुमच्यातल्या बहुतेकांना फरक सांगता येणार नाही. म्हणून सांगतो, स्वस्त पर्याय दुकानात फवारून पाहिल्यावर लगेच नापसंत करू नका, आणि महागडा लगेच पसंतही करू नका. मनगटावर घ्या, बाहेर पडा, चहा प्या, दोन-तीन तास फिरा. विक्रेता तुम्हाला पहिली पंधरा मिनिटं विकत असतो. तुम्ही घरी नेता तो त्यानंतरचा वास.

‘पण ही चोरी नाही का?’ असं आता कोणी तरी म्हणणार. कायद्याचाही गोंधळ आहे. १३ जून २००६ ला फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, सुगंधाला कॉपीराइटचं संरक्षण नाही. १६ जूनला, तीनच दिवसांनी, नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानं लँकोमच्या ‘त्रेझोर’च्या खटल्यात सांगितलं, आहे! पुढे २००९ मध्ये लोरेआल विरुद्ध बेल्यूर या खटल्यात युरोपीय न्यायालयानं ठरवलं की ‘आमचा अमुक म्हणजे त्यांचा तमुक’ असे तक्ते छापून दुसऱ्याच्या नावाचा फायदा घेता येणार नाही. माझं मत विचाराल, तर वास जुळवणं हा धंद्याचा जुनाच भाग आहे. डेव्हिडॉफचं ‘कूल वॉटर’ घ्या, १९८८. त्याआधी तीन वर्षं आलेल्या क्रीडच्या ‘ग्रीन आयरिश ट्वीड’शी ते इतकं जुळतं की दोन्हींमागे पिअर बूरदाँ हे एकच नाव घेतलं जातं. आणि दोन्हींतला तो ताजा, धातूसारखा थंडपणा देणारा डायहायड्रोमर्सिनॉल हा रेणू आधी साबणाच्या जगात रुळलेला होता. आज कूल वॉटर तुलनेनं स्वस्त मिळतं. कोणाची नक्कल शोधत बसण्याआधी असे जुने, उतरलेल्या किमतीचे अस्सल परफ्यूम बघा. बरेचदा काम तिथेच भागतं.

बनावट मालाची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. आरमाफ स्वतःच्या नावानं विकतं. स्टेशनबाहेर ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून पाचशे रुपयांत मिळणाऱ्या बाटलीवर दुसऱ्याचं नाव असतं आणि आत कुठलं स्पिरिट आहे ते देवाला ठाऊक. मानेवर काळे डाग घेऊन लोक त्वचेच्या डॉक्टरकडे जातात. ती घेऊ नका, एवढंच.

अत्तराबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. एर्मेसचं ‘तेर द’एर्मेस’, २००६ सालचं, संत्रं आणि वाळ्याचं. ते आवडणाऱ्यानं एकदा मोहम्मद अली रोडला जाऊन खसचं अत्तर हुंगावं. ती नक्कल नव्हे, पण माठातल्या वाळ्याशी ज्यांचं बालपण जोडलंय त्यांना ते कदाचित जास्तच आवडेल. विदर्भाच्या उन्हाळ्यात वाळ्याला तोड नाही. हिना थंडीत. मुंबईच्या जूनमध्ये गोडसर, जड ऊद, म्हणजे अगरूचं अत्तर, लावून लोकलमध्ये चढणं हा सहप्रवाशांवर अन्याय आहे. चंदनाच्या बाबतीत हिशेब करा. खऱ्या चंदनतेलाचा भाव किलोला लाखाच्या वर असतो. लाखच धरा, तरी दहा ग्रॅमचे हजार रुपये झाले. मग शंभर रुपयांच्या कुपीत काय असेल ते तुम्हीच ठरवा. वास छान असेल तर जरूर घ्या, फक्त चंदन म्हणून घेऊ नका.

शेवटचा मुद्दा टिकण्याचा. ‘दोन तासांत वास गेला’ ही तक्रार निम्म्या वेळा नाकाची असते. नाक आपल्याच वासाला लवकर सरावतं, आणि अँब्रॉक्सन किंवा आयसो-ई-सुपर काहींना मुळातच कमी जाणवतं. म्हणून माणूस पुन्हा फवारतो आणि लिफ्टमधल्या लोकांना श्वास रोखून धरावा लागतो. शंका आली तर घरच्यांना विचारा. आंघोळीनंतर कातडी किंचित ओलसर असताना, बिनवासाचं थोडं तेल किंवा क्रीम लावून वर फवारलं तर वास जास्त वेळ राहतो. क्लब द नुईसारखा दणकट असेल तर दोनच फवारे, एक छातीवर, एक मानेमागे. ऑफिसला जाताना मी मानेमागचाही सोडून देतो.