विज्ञान ग्रंथालयात जाताना प्रश्न नेमका न्या

श्रोतेहो, नमस्कार.

विज्ञानाच्या ग्रंथालयात जाऊन ‘आंब्यावरचं पुस्तक आहे का?’ असं विचारलं, की ‘त्या रांगेत बघा’ एवढंच उत्तर मिळतं. त्यात ग्रंथपालाचा दोष नाही, त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं. तेच ‘हापूस चौदा आण्याला, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या जरा आधी, काढला तर साका, म्हणजे गर आतून पांढरट आणि स्पंजासारखा होणं, कमी होतो म्हणतात, त्यावर कोणी काय प्रयोग केलेत?’ असं विचारून बघा. आता संदर्भ विभागातला माणूस कामाला लागेल.

दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, रत्नागिरीतलं मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र, ही आपल्या किनाऱ्यावरची विज्ञानाची ठिकाणं. तुम्ही तिथले विद्यार्थी नसाल, बागायतदार असाल किंवा कोळंबीचं तळं सांभाळत असाल, तरी जायला संकोच नको. बऱ्याच ग्रंथालयांत परवानगी घेऊन, ओळखपत्र दाखवून, बसून वाचता येतं. घरी पुस्तक मात्र सभासदालाच मिळतं. नियम ठिकाणागणिक वेगळे असतात, म्हणून निघण्याआधी फोन करा.

आधी कपाटांबद्दल. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर खाली चिकटवलेला आकडा म्हणजे वर्गांक. पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या ड्युई पद्धतीत ५०० पासून शुद्ध विज्ञान आणि ६०० पासून उपयोजित विज्ञान. आंबा ६३४.४४ ला, नारळ ६३४.६१ ला, मासेमारी ६३९.२ ला, मत्स्यपालन ६३९.३ ला. इथे हमखास एक घोटाळा होतो. टिंबानंतरचा आकडा दशांश म्हणून वाचायचा असतो. ६३४.४४ हे ६३४.६ च्या आधी येतं. चव्वेचाळीस सहापेक्षा मोठे म्हणून लोक पुढे पुढे शोधत जातात आणि पुस्तक नाही म्हणून परत येतात. दुसरा घोटाळा जुन्या ग्रंथालयांतला. जीवशास्त्र पूर्वी ५७४ ला असायचं. ड्युईच्या १९९६ च्या आवृत्तीने ते ५७० च्या आसपास हलवलं, पण जुन्या पुस्तकांचे आकडे सगळीकडे बदलले गेले नाहीत. जीवशास्त्राचं पुस्तक शोधताना दोन्ही जागा बघा.

आता संगणकावरचा शोध. सगळं यश इथेच ठरतं, म्हणून जरा थांबून सांगतो. संशोधनाच्या जगात ‘साका’ टाकून फार काही सापडणार नाही. तिथे त्याला ‘स्पॉंजी टिश्यू’ म्हणतात आणि आंब्याला ‘मॅंजिफेरा इंडिका’. दोन्ही शब्द रोमन लिपीत टाका. ‘स्पॉंजी टिश्यू’ हे दोन शब्द अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर संगणक ‘स्पॉंजी’ वेगळं आणि ‘टिश्यू’ वेगळं शोधतो आणि समोर वैद्यकातल्या निबंधांचा ढीग येतो. त्यापुढे ‘अल्फान्सो’ जोडलंत, की यादी आटोक्यात येते.

शास्त्रीय नावंही बदलतात, हे ध्यानात ठेवा. तळ्यातली व्हेनामी कोळंबी आधी ‘पिनियस व्हेनामी’ होती. १९९७ मध्ये तिला ‘लिटोपिनियस’ या प्रजातीत टाकलं, आणि पुढे अनेक अभ्यासक पुन्हा ‘पिनियस’कडे वळले. एकाच नावाने शोधलंत तर निम्मं साहित्य नजरेआड राहील. दोन्ही नावं टाका आणि मध्ये ‘ऑर’ हा इंग्रजी शब्द मोठ्या लिपीत लिहा. दोन्हींपैकी कुठलंही नाव असलेले निबंध मग एकत्र येतात.

एखादा अलीकडचा आढावा-निबंध, म्हणजे विषयावरचं आधीचं संशोधन एकत्र मांडणारा निबंध, हाती लागला, की निम्मं काम झालं. त्याच्या शेवटच्या संदर्भसूचीवरून मागे जायचं, आणि त्याला पुढे कोणी उद्धृत केलं ते पाहून पुढे यायचं. निबंधाचा दुवा तुटलेला निघाला तर १० ने सुरू होणारा डीओआय, म्हणजे त्या निबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक, वापरा. पत्ता बदलला तरी हा क्रमांक तोच राहतो. उतरवून घेताना मधली तिरकी रेघ किंवा एखादं टिंब सुटलं, तर मात्र तो उघडणार नाही.

इतरांच्या प्रयोगांचा खजिना प्रबंधांत असतो. विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’वर, कृषी विद्यापीठांचे ‘कृषिकोश’वर. दोन्ही मोफत आहेत. काही प्रबंधांचा फक्त सारांश दिसतो, अशा वेळी छापील प्रत ग्रंथालयात मागा. मासळीचं बघायचं असेल तर कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा ई-संग्रह उघडा. किनाऱ्यावर उतरवलेल्या मासळीचे जुने अहवाल तिथे फुकट वाचता येतात.

महागड्या नियतकालिकांसाठी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही केंद्राची योजना सुरू आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं त्यात आहेत, पण ती सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि संशोधन संस्थांसाठी. एक सावधगिरी सांगतो. एका बैठकीत शेकडो निबंध डाउनलोड करणारं सॉफ्टवेअर लावू नका. प्रकाशकाच्या यंत्रणेला ते कळतं आणि संपूर्ण आवाराचा प्रवेश बंद होतो. एकाच्या उत्साहापायी सगळा विभाग खोळंबतो.

जे आपल्याकडे नाही, ते आंतरग्रंथालयीन देवघेवीतून, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाकडून, मागवता येतं. मागणीपत्रात लेखक, निबंधाचं नाव, नियतकालिक, वर्ष, खंड, अंक, पानं, सगळं द्या. खंडाचा आकडा चुकला तर पत्र तिकडून परत येतं.

आणि आता पावसाळा. आपल्या हवेत पुस्तकाचा खरा शत्रू दमटपणा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहू लागली की बुरशीला वाव मिळतो, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याहून खूप वर असते. पुस्तक नेताना प्लास्टिकच्या पिशवीत न्या, पण घरी पोचलात की लगेच बाहेर काढा. पिशवीत ओल कोंडते. भिंतीला टेकवून ठेवू नका, चार बोटं अंतर ठेवा.

भिजलंच, तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. पुठ्ठा वाकतो आणि बांधणीचा डिंक सुटतो. नुसत्या कडा ओल्या असतील तर पुस्तक उभं करून, पानं थोडी पसरून, पंख्याखाली ठेवा. विज्ञानाच्या पुस्तकांत चित्रांची पानं बहुधा गुळगुळीत, लेप दिलेली असतात. ती ओली असताना एकमेकांना चिकटली आणि तशीच वाळली, तर सुटता सुटत नाहीत. म्हणून अशा पानांमध्ये ताबडतोब कोरे पांढरे कागद घाला आणि ते ओले झाले की बदला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पुस्तक पार भिजलं असेल तर उघडूच नका, तसंच त्याच दिवशी ग्रंथालयात आणा. साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. दंड चुकवायला वाळवून गुपचूप देवघेवीच्या टेबलावर ठेवलंत, तर ती बुरशी कपाटात शेजारच्या पुस्तकांना लागते. काय झालं ते टेबलावर सांगा, म्हणजे ते पुस्तक आधी बाजूला काढता येईल.