दात पुढे आलेत म्हणजे नक्की काय झालंय?

नमस्कार मंडळी. आज समोर बहुतेक लहान मुलांचे आईबाबा बसलेत म्हणून सरळ मुद्द्यावरच येते. दवाखान्यात सगळे एकच सांगतात, डॉक्टर, हिचे दात पुढे आलेत हो, आणि बोट दाखवतात पटाशीच्या दातांकडे. आम्ही मात्र आधी गाल बाजूला करून मागची दाढ बघतो.

ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, तिच्यासाठी कुठला दात पडावा लागत नाही त्यामुळे ती आली कधी हे घरात कुणाला कळतच नाही, मग तिला कीड लागली की आई म्हणते दुधाचीच आहे ना, पडेल. अहो नाही, ती कायमची आहे! आणि सगळी चावण्याची घडी तिच्यावरूनच कळते. १८९९ साली अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी तिच्यावरूनच वर्गवारी मांडली, ती आम्ही आजही रोज वापरतो. दातावर दात टेकवले की वरच्या दाढेचं गालाकडचं पुढचं टोक खालच्या दाढेच्या बाहेरच्या खाचेत बसायला हवं. ते बसतंय पण पुढे दातांची गर्दी आहे, तर क्लास वन. खालची दाढ मागे राहिली तर क्लास टू, पुढे गेली तर क्लास थ्री.

म्हणजे पुढे आलेत असं जे वाटतं ना, त्यात बऱ्याचदा वरचे दात जागेवरच असतात, खालचा जबडा मागे राहिलेला असतो. मूल वाढीला लागलेलं असताना ती वाढ वापरून तोंडात घालायच्या प्लेटने जबडा पुढे आणायला मदत होते, वाढ थांबल्यावर मात्र नुसते दात हलवता येतात नाहीतर मग ऑपरेशन. म्हणून सातव्या वर्षापर्यंत एकदा दाखवून घ्या असं मी सगळ्यांना सांगते.

आता रिपोर्टवरचे शब्द. ओव्हरजेट म्हणजे वरचे दात खालच्यांच्या किती पुढे, ओव्हरबाईट म्हणजे वरून किती झाकतात, दोन्ही २-३ मिलिमीटर ठीक. झाकणं फार वाढलं की डीप बाईट, कधीकधी खालचे दात थेट टाळूला टोचतात. ओपन बाईटमध्ये समोरचे दात भेटतच नाहीत, अशा मुलाला दाताने दोरा तोडायला सांगा, जमत नाही, घास बाजूच्या दातांनी तोडतं. अंगठा चोखायची सवय यात खूपदा सापडते. क्रॉसबाईटमध्ये वरची दाढ खालचीच्या आत पडते आणि मूल जबडा एका बाजूला सरकवून चावायला लागतं, इथे वाट बघत बसू नका.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या समोरच्या दोन दातांत फट दिसली तर मात्र घाबरू नका, ती बहुधा वरचे सुळे येताना, अकरा-बाराव्या वर्षी, आपोआप मिटते. आणि दुधाची दाढ लवकर काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकून खालून येणाऱ्या दाताची वाट अडवते, तेव्हा स्पेस मेंटेनर, म्हणजे ती रिकामी जागा धरून ठेवणारं साधन, लागेल का, हे काढायच्या आधीच डॉक्टरांना विचारा.