पीएच आधी ठरवा, कॉलम नंतर बदला
(सोलापुरात रसायनशास्त्राचे विद्यार्थी आणि औषध कारखान्यांतले अ‍ॅनालिस्ट यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

समोर एमएस्सीची मुलं आहेत, चिंचोळी एमआयडीसीतून शिफ्ट संपवून आलेले क्यूसीवालेही, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणारेही, आहेत. त्यामुळे एचपीएलसी, म्हणजे द्रावण दाबाखाली बारीक कणांनी भरलेल्या नळीतून (कॉलममधून) पाठवून त्यातले घटक वेगळे करण्याची पद्धत, इथून सुरुवात करत नाही. आम्लधर्मी रेणू कॉलमवर किती थांबेल, याचा अंदाज इंजेक्शन देण्याआधी कागदावर बांधता येतो, आणि तो बांधलाच पाहिजे, एवढंच सांगायला आलोय.

आधी एक प्रसंग सांगतो. एका कारखान्यात बेन्झॉइक आम्लाचा पीक, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, सकाळी एका जागी यायचा, रात्रपाळीत अलीकडे सरकायचा. सगळे म्हणाले, कॉलम गेला. नवा सी-१८, म्हणजे १८ कार्बनच्या साखळ्या बसवलेला कॉलम, लावला, पीक पुन्हा सरकला. मग पंपाचे सील बदलले. शेवटी रात्रपाळीच्या मुलीला मेमो दिला. का, तर बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, ती करायची! मी मेथडचा, म्हणजे चाचणीच्या लिखित पद्धतीचा, कागद मागितला. बफरचा पीएच ४.२. बेन्झॉइक आम्लाचं पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू आयन होतात तो आकडा, तोसुद्धा ४.२! म्हणजे निम्मे रेणू आयन झालेले, निम्मे तसेच. तिथे पीएच नुसता ०.१ हलला तरी पीक हलणारच. दोन पाळ्यांचं पीएच मीटरचं कॅलिब्रेशन वेगळं होतं, एवढंच. मेथड लिहिणाऱ्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही आणि मेमो मात्र त्या मुलीला. मला त्याचा अजून राग येतो. मुलांनो, उद्या तुमच्यावर असा आळ आला तर आधी पीकेए काढून दाखवा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत. तेव्हा मूळ विषय भरभर सांगतो.

येल विद्यापीठात चाबा होर्वाथ, मेलँडर आणि मोल्नार यांनी १९७७ मध्ये हे गणित मांडलं. आयन न झालेलं आम्ल सी-१८ला चिकटतं, आयन झालेलं जवळजवळ चिकटत नाही. दोन्हींचं जितकं प्रमाण, तितकी सरासरी म्हणजे तुमचा रिटेन्शन फॅक्टर, रेणू कॉलमवर किती थांबतो त्याचा आकडा. समजा, पहिल्याचा १० आणि दुसऱ्याचा ०.५. पीएच पीकेएइतका असेल तर उत्तर ५.२५. तिथे ०.१ पीएच वाढला की ४.७, म्हणजे दहा टक्के घट. आता पीएच पीकेएपेक्षा २ ने खाली न्या. उत्तर ९.९, आणि ०.१ हलला तरी फरक पाव टक्का. बेन्झॉइकसाठी म्हणूनच २.२च्या आसपासचा फॉस्फेट बफर घ्या. फॉस्फरिक आम्लाचं पहिलं पीकेए २.१५ आहे, त्यामुळे तो तिथे भक्कम बफर होतो.

एक अडचण राहिली. अ‍ॅसिटोनायट्राइल हे सेंद्रिय द्रावक बफरमध्ये मिसळलं की बेन्झॉइकसारख्या कार्बॉक्सिलिक आम्लाचं पीकेए वर सरकतं, बफरचा पीएचही सरकतो, आणि दोन्ही सारखेच सरकतील असं नाही. म्हणून पाण्यातल्या आकड्यांवरचा अंदाज ही पहिली पायरी. पीएच मिसळण्याआधी मोजला की नंतर, हे मेथडमध्ये स्पष्ट लिहा. आता प्रश्न विचारा, आधी मागच्या बाकांवरून.